सटवाजीचे मोजेबंद

एका संस्थानात मशकबाजा वाजवणाऱ्यांचा एक ताफा होता. मशकबाजा म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी. तिच्यात तोंडाने हवा भरायची, ती काखेत दाबायची आणि तिला जोडलेल्या नळ्यांतून सूर काढायचा. तिथल्या राजाने एकदा डोंगरी मुलखातल्या गोऱ्या पलटणीचा बाजा ऐकला होता. तो त्याला इतका आवडला की त्याने आपल्या पदरीही तसाच ताफा ठेवला आणि वादकांना पोशाखही त्या पलटणीचाच दिला. कमरेला चुण्यांचा लोकरी घागरा आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे. सुरुवातीला गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. पुढे त्यांनाही सवय झाली.

मोजे खाली घसरू नयेत म्हणून गुडघ्याखाली एक बंद बांधावा लागे. त्या बंदाला तांबड्या बनातीच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, दोन पट्ट्या शिवलेल्या असत. त्यांना ताफ्यातले लोक तुरे म्हणत. मोज्याची वरची कड बंदावर दुमडली की हे तुरे खाली थोडेसे बाहेर डोकावत आणि पाऊल उचलताना हलत. हे बंद आणि तुरे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायचे, असा त्या ताफ्याचा नियम होता. ज्याला स्वतःचे पाय सांभाळता येत नाहीत तो इतरांच्या पायाशी पाय काय जुळवणार, असे ताफ्याचा म्हातारा जमादार म्हणत असे.

ताफ्यात सटवाजी आणि येमाजी असे दोन मित्र होते. सटवाजी वयाने मोठा. येमाजीला वाजवायला त्यानेच शिकवले होते. रांगेत दोघे शेजारी उभे राहत.

एका वर्षी राज्यारोहणाचा वाढदिवस जवळ आला. शेजारच्या संस्थानांतले पाहुणे येणार होते. सगळ्यांना नवे बंद करायला सांगितले गेले. तेव्हा सटवाजी येमाजीच्या घरी आला आणि दार लोटून घेऊन हळूच बोलू लागला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणसे ओळखू येत, वाट दिसे, पण टाका दिसत नसे. हे कळले तर आपल्याला ताफ्यातून काढतील, अशी त्याला धास्ती होती. ताफ्याशिवाय त्याला दुसरे काही नव्हते.

"येमा, फुंकायला डोळे लागत नाहीत," तो म्हणाला. "सुईला लागतात. एवढे बंद तू शिवून दे."

येमाजीने आनंदाने होकार दिला. त्याच्या मनात कपट नव्हते, असेच म्हणावे लागेल.

पण त्या वर्षी पुढच्या रांगेतली एक जागा रिकामी झाली होती. ज्याचा पोशाख नेटका त्याला ती मिळणार, अशी बोलवा होती. येमाजी आपले बंद शिवायला बसला. तुऱ्याचे टोक त्याने माशाच्या शेपटीसारखे कातरले. ते मनासारखे झाले नाही, म्हणून पुन्हा नवे कापड घेतले. मग कडेने बारीक जर लावावी असे वाटले. ती वाकडी बसली, म्हणून उसवली आणि पुन्हा लावली. सटवाजीचे बंद त्याने आधीच कापून ठेवले होते आणि आकार राहावा म्हणून त्यांना कच्चा दोरा घातला होता. पक्की शिवण सावकाश घालू, असे तो रोज म्हणे. ती घालायची राहून गेली.

वाढदिवसाच्या सकाळी सटवाजी दारात उभा राहिला. येमाजी क्षणभर थबकला. मग त्याला वाटले, गावातून एक फेरी तर मारायची आहे. तेवढा वेळ कच्चा दोरा टिकेल. त्याने बंद सटवाजीच्या हातात ठेवले आणि काही सांगितले नाही.

सटवाजीने तुऱ्यांवरून बोट फिरवले. "कुणाला सांगू नकोस," तो हसून म्हणाला, "पण माझे बंद तुझ्यापेक्षा झकास झालेत बघ."

येमाजीही हसला.

मिरवणूक निघाली. पेठेपर्यंत सगळे ठीक होते. पाहुण्यांच्या मांडवासमोर उतार होता. तिथे सटवाजीच्या एका पायाचा बंद उसवला. मोजा घोट्यापर्यंत घसरला आणि लोंबणारा तुरा दुसऱ्या पायाखाली आला. सटवाजी अडखळून पुढच्या माणसावर आदळला. काखेतली पिशवी दबली आणि तिच्यातून एक लांबलचक केविलवाणा आवाज निघाला.

"बकरं जिवंत झालं वाटतं," पाहुण्यांतला कुणीतरी म्हणाला. सगळा मांडव हसला. राजा मात्र हसला नाही. त्याची मान खाली गेली.

मिरवणूक संपल्यावर जमादाराने ताफ्याला रांगेत उभे केले. त्याने तो उसवलेला बंद हातात घेतला आणि हे काम कुणाचे, असे विचारले.

सटवाजी लगेच बोलला नाही. येमाजी त्याच्या शेजारीच होता. बोलावे असे त्याला वाटले. पण जमादार संतापलेला होता, आणि पुढच्या रांगेतली जागा अजून कुणाला दिली गेली नव्हती. आज नको, राग उतरला की उद्या सांगू, असे त्याने स्वतःला समजावले.

"माझं," सटवाजी म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्याला ताफ्यातून काढून टाकले. मशकबाजा संस्थानचा होता, तो काढून घेतला. सटवाजी नदीपलीकडे एका नातेवाइकाकडे गेला आणि तिथल्या चुन्याच्या भट्टीवर कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी येमाजीला पुढच्या रांगेत घेतल्याचे कळले. मग सांगणे आणखी अवघड झाले. आज सांगावे तर लोक म्हणतील, काल का गप्प बसलास. आणि दिवस गेले तसा हा प्रश्न मोठाच होत गेला. सणासुदीला तो सटवाजीसाठी भट्टीवर काहीतरी पाठवी. स्वतः कधी गेला नाही.

काही वर्षांनी जमादार थकला. त्याच्या जागी राजाने येमाजीची निवड केली आणि त्याला बोलावून घेतले. आता रांगेसमोर उभे राहून इतरांचे बंद तपासायचे, हे ऐकल्यावर मात्र येमाजीला राहवले नाही. त्याने राजाला सगळे सांगून टाकले. आता आपलीही गच्छंती होणार, असे समजून तो खाली बघत उभा राहिला.

राजाला आधी सटवाजी कोण तेच आठवेना. मग ती मिरवणूक आठवली.

"मला वाटलं, हा माणूस कामाला विटला," तो म्हणाला. "त्याचे डोळे गेले होते, हे तेव्हा बोलला असतास तर नियम बाजूला ठेवला असता. तुला दोन शब्द सुनावले असते आणि बंद पुन्हा शिवायला लावले असते. एवढंच झालं असतं."

सटवाजीला मानाने परत आणावे, असा हुकूम राजाने दिला.

एक मशकबाजा नीट बांधून येमाजी नदीपलीकडे गेला. भट्टीजवळच्या झोपडीबाहेर सटवाजी बसला होता. केस, भुवया, सगळे चुन्याने पांढरे झालेले. आता त्याला जवळचे माणूसही दिसत नव्हते. आवाजावरून त्याने येमाजीला ओळखले.

"सटवाजीदादा, महाराजांनी तुला बोलावलंय," येमाजी म्हणाला आणि बाजा त्याच्या हातांत दिला.

सटवाजीचा चेहरा उजळला. त्याने नळ्या खांद्यावर घेतल्या, पिशवी काखेत धरली. बोटे आपसूक भोकांवर बसली. त्याने फुंकर घातली. पिशवी थोडी फुगली आणि बसली. त्याने पुन्हा फुंकर घातली, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. भट्टीच्या धुराने आणि चुन्याने त्याची छाती खाऊन टाकली होती. बाज्यातून एकही सूर निघाला नाही.

त्याने बाजा हळूच खाली ठेवला.

तेव्हा येमाजी रडू लागला. रडत रडत त्याने कच्च्या दोऱ्याची सगळी हकिगत सांगितली.

"ते मला माहीत होतं," सटवाजी म्हणाला. "बंद पायातून सोडवला तेव्हाच बोटांना कळलं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तू शेजारीच उभा होतास, येमा. तू बोलशील म्हणून मी जरा थांबलो होतो."

मग सटवाजीने त्याला भाकरी खाऊन जायला सांगितले. येमाजीने भाकरीला हात लावला नाही. बाजा उचलून तो एकटाच परत निघाला.

तात्पर्य: चूक कबूल करायला सोयीच्या दिवसाची वाट पाहू नये, आपण वाट पाहत असतो तोवर आपली शिक्षा दुसरा कुणीतरी भोगत असतो, आणि ती मागाहून परत घेता येत नाही.