सातांच्या हाती न लागणारा गडी

"मास्तर, ह्यात चूक काढून दाखवा. हाय का कुठं?"

धैर्यशीलनं हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला.

तासगावात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत वाघमोडे मास्तर पोरांना कॉम्प्युटरवर खेळ बनवायला शिकवतात. तरुणपणी ते कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे. अजूनही आल्यागेल्याच्या तोंडाआधी पायांकडे बघतात, आणि बोलतात कमी.

धैर्यशीलनं कबड्डीचाच खेळ बनवला होता. रविवारी पुण्याची एक कंपनी तो बघणार होती. आवडला तर नोकरी. पठ्ठ्यानं गावात पेढे आधीच वाटून टाकले होते. मास्तरांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

पडद्यावर त्याचा गडी चढाईला निघाला. समोर सातजण. गडी सातांच्याही आरपार गेला आणि तसाच परत आला. कुणाचा हातसुद्धा लागला नाही.

"आजवर एकदाबी बाद झाला न्हाय," धैर्यशील म्हणाला.

गडी पुढं जातो कसा, असं मास्तरांनी विचारलं. धैर्यशीलला तेच हवं होतं. खेळ चालवणारा जो तयार प्रोग्राम असतो, त्या इंजिनात गडी कुठं आहे हे आकड्यांत लिहिलेलं असतं, त्यानं सांगितलं. कळ दाबली की आपण पलीकडचा आकडा लिहायचा, गडी पलीकडं हजर. गड्याला वेग देऊन पळवणारा वेगळा भागही इंजिनात असतो, पण त्यात वाटेत कुणी आलं की धडक बसते. म्हणून ती भानगड त्यानं बंदच ठेवली होती.

मास्तर उठले. दारात जाऊन पाय फाकवून उभे राहिले.

"बाहेर जाऊन दाखव."

धैर्यशील हसला. डावीकडून निघाला, तर मास्तर तिथं. उजवीकडं वळला, आणि धाडकन जमिनीवर आला. त्याचा घोटा एकसष्ट वर्षांच्या माणसाच्या मुठीत होता. खालून गिरणीवाल्यानं काय पडलं म्हणून विचारलं.

"तुम्ही मधी असताना मी जाणार कसा?"

"तुझा गडी कसा जातो?"

"तो जात न्हाय, मास्तर. मीच त्याला तिकडं..."

मास्तरांनी घोटा सोडला.

धैर्यशील उठून खुर्चीवर बसला. आकडा लिहिणारी ओळ त्यानं खोडली, बंद ठेवलेला भाग चालू केला, गड्याला वेग दिला. गडी धावला, पहिल्याच बचाववाल्याला धडकला, आणि सातांनी मिळून त्याला असा दाबला की एक हात तेवढा वर दिसत होता.

रविवारी कंपनीच्या साहेबांसमोर हेच होणार, या विचारानं पोराचं तोंड एवढंसं झालं. त्याला खरंच रडू येत होतं.

"बाद झाला, मास्तर..."

मास्तर पहिल्यांदाच पडद्याजवळ वाकले. त्या वर आलेल्या हाताकडं बराच वेळ बघत राहिले...

"आता कुठं जन्माला आला."