निंबोळीचा वास

तो वास विषाचाच होता, हे ठरवलं कुणी? मी सगळ्या वारुळाला विचारत फिरलो.

फार जुनी गोष्ट. बांधाच्या अलीकडे आम्ही मुंगळे राहायचो, पलीकडे तांबड्या मुंग्या. त्यांच्याकडे गुळाचा मोठा खडा होता. वास ओळखण्यात माझा दादा पटाईत, म्हणून आमच्या सरदाराने त्यालाच टेहळणीला पाठवलं.

दादा परत येऊन म्हणाला, "त्यांच्या कोठारातून निंबोळ्यांचा वास येतोय, सरदार."

"पुन्हा जा. नीट हुंगून ये."

असं त्याला पुन्हा पुन्हा धाडलं. शेवटी दादा वैतागून म्हणाला, "कडू आहे एवढं खरं. असेलही विष."

"ऐकलंत ना?" सरदार सगळ्यांना म्हणाला. "आपल्याला मारायला विष साठवताहेत."

"अहो, निंबोळ्याच म्हणाला ना तो आधी?" मी म्हणालो.

"तू गप रे. काल अंड्यातून बाहेर आलास."

लढाईत दादा मेला. तांबड्यांच्या कोठारात निंबोळ्याच निघाल्या. "विष दुसरीकडे लपवलं असणार," म्हणत सरदाराने गूळ मात्र आपल्या दारात आणवला.

मेलेल्याला वारुळापासून लांब नेऊन ठेवायची आमची रीत आहे. मी दादाला पाठीवर घेतलं आणि सरदाराच्या दारात, त्या गुळाला टेकवून ठेवलं.