घटकाभराचा भार

मंडळी, बालाघाटाच्या कुशीत काटवण नावाचं एक गाव होतं. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर पाळणाई देवीचं देऊळ, आणि देवळाच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे चिंचेच्या पारावर आमचे वाकळनाथ महाराज. उन्हातान्हात, थंडीवाऱ्यात अंगावर एकच वाकळ, म्हणून हे नाव. महाराज बोलत थोडं, हसत मात्र पोटभर. त्यांचं हसू ऐकून किरकिरणारी तान्ही मुलंही गप्प होतात, असं गावातल्या बाया सांगत.

त्याच गावात गोजरा नावाची बुरुडाची सून होती. सुपं, टोपल्या विणून घर चालायचं. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही खेपेला पाचव्या-सहाव्या महिन्यात कूस रिकामी झाली. तिसऱ्या खेपेला ती पाळणाईला नवस बोलली, "आई, एवढं लेकरू टिकू दे. माझ्या हातांनी कामट्यांचा पाळणा विणीन आणि बाळंत व्हायच्या आत, माझ्या पायांनी वर आणून तुझ्या दारात बांधीन."

लेकरू टिकलं! सातवा गेला, आठवा गेला, नववा लागला. पण पाळणा विणायला गोजराचा हात धजेना. आत्ताच विणला आणि पुन्हा तसंच झालं तर? रोज बांबू पुढ्यात घ्यायची आणि रोज ठेवून द्यायची. अखेर विणून झाला तेव्हा चैत्रातली जत्रा आली होती आणि दिवस भरत आले होते.

आणि नेमकं तेव्हाच बाळ खाली सरकलं. ज्या बायांनी हे भोगलंय त्यांना सांगायला नको. ओटीपोटात असं दडपण, जणू पाटा बांधून ठेवलाय! पाऊल उचललं की जांघेत चमक, बसलं की माकडहाडाला रग, उठलं की लघवीची घाई. चालायचं ते बदकासारखं डुलत. तरी गोजरा हसतच जत्रेला निघाली. आत लेकरू दिवसभर ढुशा देत होतं, तिला आणखी काय हवं होतं?

पायथ्याशी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवावं म्हणून ती वाकू लागली, तर महाराज चटकन म्हणाले, "वाकू नकोस गं. दोघांचा नमस्कार पोचला."

पण पायऱ्या काही हसण्यावारी गेल्या नाहीत. बाराव्या पायरीवर गोजराच्या तोंडून "आई गं!" निघालं आणि ती मटकन खाली बसली. तिचा नवरा महिपत घाबरून म्हणाला, "मी पाठुंगळी घेतो तुला."

तेवढ्यात वाजंत्री घेऊन केशवराव मोकाशी आले. देवस्थानचे पंच, डोक्याला जरीचा फेटा. नातू झाला म्हणून देवीला चांदीचा पाळणा वाहायचा होता. तो अर्थात गडी वाहत होते.

"अगं ए! वाट अडवून काय बसलीस?" केशवराव खेकसले. "आणि पाठुंगळी कसली? पायांनी चढायचा नवस ना तुझा? उचलून नेलेलं देवीला चालायचं नाही. जिने दिलंय तिला परत घेताही येतं, एवढं ध्यानात ठेव."

गोजराने दोन्ही हात पोटावर धरले. पुन्हा तेच? आता, इतक्या जवळ येऊन?

केशवरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई पुढे झाल्या. "अहो, काहीतरीच काय बोलता! बाळ खाली उतरलंय तिचं. या दिवसांत एकेक पायरी जड जाते."

"तुलाही सहा मुलं झाली. कधी कुरकुरलीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

वाजंत्रीवालेसुद्धा हसले. केशवरावांना ते झोंबलं. "पोटात मूल घेऊन चालायचं त्यात काय एवढं? माझ्याकडे असतं तर मी पळत वर गेलो असतो!"

मागून कोणीतरी खळखळून हसलं. वाकळ सावरत महाराज केव्हा बाराव्या पायरीपाशी आले ते कोणाला कळलंच नाही.

"घेता का मग घटकाभर?" महाराज म्हणाले.

"द्या की! भितो की काय मी?"

महाराजांनी गोजराकडे पाहिलं. "काय गं पोरी, देऊ का तुझा भार यांना?"

"महाराज, लेकराला काही होणार नाही ना?"

"लेकरू तुझंच, तुझ्याचकडे. ओझं तेवढं यांचं." असं म्हणून महाराजांनी वाकळीचं टोक तिच्या डोक्यावरून फिरवलं.

काय सांगावं, मंडळी! गोजरा उठली ती लग्नाआधीच्या पोरीसारखी. कुठे कळ नाही, कुठे रग नाही. पाळणा काखेला मारून ती भराभर निघाली, महिपत धापा टाकत मागे. तिला इतकं हसू येत होतं की वाटेतल्या बाया विचारत होत्या, "अगं, झालं तरी काय?"

खाली मात्र वेगळाच तमाशा सुरू होता. गोजराने वळून पाहिलं तर केशवराव एका पायरीवर एक पाय, दुसरीवर दुसरा, असे अडकलेले! "अगं आई गं! अन्नपूर्णे, कंबर तुटली माझी!"

"पाय जरा फाकवून टाका," अन्नपूर्णाबाई शांतपणे सांगत होत्या. "श्वास सोडा. घाई करू नका."

"घाई कसली करू नका! मला लघवीला जायचंय!"

"आत्ताच तर जाऊन आलात."

सगळी जत्रा हसून लोटपोट झाली. गोजराही हसत हसत वर चढली आणि पाच पायऱ्या उरल्या तेव्हा सवयीने तिचा हात पोटावर गेला.

आत काहीच हललं नाही.

तिने हात दाबून पाहिला. रोज या वेळेला ते लेकरू नुसता धुमाकूळ घालायचं. आता ढुशी नाही, कूस बदलणं नाही. अंग हलकं होतं, फार हलकं. असं हलकं तिला दोनदा वाटलं होतं, आणि दोन्ही वेळा घरात रडारड झाली होती.

"महाराज!" ती ओरडली. "माझं मला परत द्या!"

महाराज तिच्या शेजारीच उभे होते. "पाचच पायऱ्या राहिल्यात गं. चढ आणि मग घे. कळाही परत येतील हो, आधीच सांगतो."

"येऊ द्यात. कळा येऊ द्यात, रग येऊ द्यात, रांगत चढेन. मला माझं लेकरू कळत नाहीये, महाराज!"

तोच खालून केशवरावांची आरोळी आली, "लाथ! लाथ मारली!" फेटा सुटलेला, दोन्ही हात पोटावर, डोळे विस्फारलेले. "अगं अन्नपूर्णे, आत कोणीतरी आहे! पुन्हा मारली बघ!" आणि तो एवढा दांडगा माणूस पायरीवर बसून रडू लागला.

महाराज हसले. "ऐकलंस? आहे ते खुशाल. घे तुझं."

वाकळीचं टोक पुन्हा गोजराच्या डोक्यावरून फिरलं. पाटा पोटाला बांधला गेला, जांघेत चमक निघाली, माकडहाड ठणकलं आणि त्याच क्षणी बरगडीखाली एक सणसणीत लाथ बसली. गोजरा "आई गं!" म्हणून कळवळली आणि त्याच दमात आनंदाने रडू लागली. आयुष्यात तिला एवढं गोड काही दुखलं नव्हतं.

पाच पायऱ्या राहिल्या होत्या. पहिलीवर ती कशीबशी चढली. तेवढ्यात केशवराव धावत वर आले. गडी, वाजंत्री, चांदीचा पाळणा, सगळं खालीच राहिलं होतं. आवाज मऊ झाला होता.

"ताई, माझ्या खांद्यावर हात ठेवा. पाय तुमचेच राहतील."

गोजरा संकोचली. मग तिने हात ठेवला, चांगला भार टाकून ठेवला. एकेक पायरी करत ती वर पोचली आणि कामट्यांचा तो पाळणा तिने स्वतःच्या हातांनी देवीच्या दारात बांधला. वाऱ्याने तो लगेच झुलायला लागला.

केशवराव महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज मागे सरकले. "मला कसला नमस्कार? मी कुठे काय वाहतोय?"

केशवरावांना उमगलं. त्यांनी गोजरापुढे डोकं टेकवलं. "ताई, मी वाईट बोललो. चूक पदरात घ्या." मग उठून ते मागोमाग वर आलेल्या अन्नपूर्णाबाईंकडे गेले आणि भरल्या जत्रेत त्यांच्या पायांशी वाकले. "सहा वेळा गं! आणि मी एकदाही विचारलं नाही."

"अहो, लोक बघतायत!" अन्नपूर्णाबाई लाजून चूर झाल्या.

"बघू देत."

तिसऱ्या दिवशी गोजरा बाळंत झाली. धट्टीकट्टी मुलगी! महाराजांनी तिला मांडीवर घेतलं, तर तिने त्यांनाही एक लाथ मारली, आणि महाराज कितीतरी वेळ हसत राहिले.

मंडळी, ज्यांची आई घरी आहे त्यांनी आज गेल्या गेल्या तिच्या पायांवर डोकं ठेवावं. "काय रे, आज काय विशेष?" असं तिने विचारलं, तर काही सांगू नये. महाराजांसारखं नुसतं हसावं.