टेकडीपलीकडचं तळं

माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. मी जेसीबी चालवतो. आजऱ्याजवळच्या डोंगरात गोल्फचं मैदान तयार होत होतं, तिथं ऐकलेलं लिहितो.

"पण सर, झेंडाच दिसत नसेल तर खेळणाऱ्यानं मारायचं कशाच्या भरवशावर?" शलाका मॅडम विचारत होत्या.

मैदान त्यांनी आखलेलं. पहिलंच. ज्यांच्या हाताखाली त्या हे काम शिकल्या, ते नाडगौडा सर बघायला आले होते. वय झालेलं, हातात काठी.

सातव्या होलच्या वाटेत एक बुटकी टेकडी आडवी होती. बॉल ज्या खड्ड्यात घालायचा, त्याच्यावरचा झेंडा तिच्या पलीकडे. चाचणीला आलेले खेळाडू चिडून गेले. "ही काय आंधळी कोशिंबीर आहे?" म्हणाले. मालकांनी मॅडमना सुनावलं, हे होल सुधारा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मला टेकडी कापायची होती.

"मारून दाखव," सर म्हणाले.

"मी मारून काय कळणार? मला पलीकडचा इंच न् इंच पाठ आहे."

"मग सोपंच की."

मॅडमनी मारला. बॉल टेकडीवरून गेला आणि दिसेनासा झाला.

त्या लगेच चढायला लागल्या. भरभर.

"अगं, म्हाताऱ्याला बरोबर घे की!" सरांनी हाक मारली. मॅडम माथ्यावर पोचल्यासुद्धा होत्या.

मी सरांना धरून वर आणलं. मॅडम पलीकडे वाकून बघत होत्या. उतारावर बॉल नव्हता. खाली झेंड्याला लागूनच तळं होतं, बॉल त्यात गेला होता.

"एवढी घाई कशाची झाली होती?" सरांनी विचारलं.

"बॉल कुठं पडला ते बघायची."

"टेकडी नसती, तर केली असतीस?"

सरांनी काठीनं तळ्याकडे दाखवलं.

"हे तळं आधीपासून होतं?"

"नाही. मी खोदून घेतलं. माथ्यावर आल्यावर एकदम पाणी दिसावं म्हणून. वाटलं, लोक खूश होतील."

"झाले?"

"टेकडी कापली की तळं लांबूनच दिसेल, सर. मग कुणी तक्रार करणार नाही."

"खरंय. कुणी धावतही येणार नाही."

सरांनी काठी माझ्या हातात दिली. तळ्याकडे पाठ केली, आणि उलट्या पावलांनी उतार उतरायला लागले.

"सर! पडाल!"

मॅडम पळत खाली गेल्या. मागून दोन्ही हातांनी त्यांना धरलं.

"हा काय वेडेपणा?"

"पडलो का?"

"मी होते म्हणून!"

"मला कुठं दिसत होतीस? तुझ्या भरवशावरच उतरलो."

मॅडमनी त्यांना तसंच धरून ठेवलं होतं. मग मान वळवून तळ्याकडे बघितलं.

"भैरू, उद्या तळं बुजव. अगदी सपाट करू नकोस, परातीसारखं ठेव. बॉल कुठूनही आला तरी घरंगळत झेंड्याकडे जायला हवा. मालकांशी मी बोलते."

"आणि टेकडी?" मी विचारलं.

मॅडमनी सरांकडे बघितलं. सरांनी माझ्या हातातली काठी घेतली.

"तिनं कुणाचं काय वाकडं केलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंप लावला. पाणी उपसेपर्यंत जेसीबीला काम नव्हतं. गाळात बॉलच बॉल दिसायला लागले. एक उचलला, शर्टाला पुसला. टेकडीच्या अलीकडे गेलो, कुणी बघत नाही असं पाहिलं, आणि हातानंच तो वरून पलीकडे फेकला.

चढताना कधी पळायला लागलो, कळलं नाही.