साळिंदराच्या काट्यावरचं पान

माणसांनी पाणवठ्याला पायऱ्या बांधायच्या कितीतरी आधीची गोष्ट. एका रानातल्या झऱ्यावर साळिंदराची राखण होती. एकदा कोल्ह्याने राखणदाराचं सोंग घेऊन सगळ्यांना घाण डबक्यावर नेलं. त्यानंतर कासवआजीने आपल्या नखाचा ठसा उमटवलेलं पान साळिंदराच्या पाठीवरच्या काट्यात खोचलं. पान हिरवं तोवरच राखणदार खरा, असं रानाने ठरवलं. ते वाळायच्या आत सुगरणीने आजीकडून नवं आणायचं, हेही ठरलं. साळिंदर निर्धास्त झाला.

एका सकाळी हरणं आली, त्याला बघून थबकली आणि तहानलेलीच माघारी फिरली. साळिंदराला काही उमजेना. त्याने तोंड धुतलं, पाणी स्वतः पिऊन दाखवलं, "अहो, मीच तो, कालचाच!" असं ओरडून ओरडून घसा कोरडा केला. कोणी जवळ येईना.

शेवटी त्याने सुगरणीला गाठलं. "काय गं, पान आणायला विसरलीस?"

"विसरेन कशी? चार दिवस झाले, उंबराच्या ढोलीत ठेवलंय."

साळिंदर ढोलीत डोकावला. टवटवीत पान, त्यावर आजीचा ठसा. "मग हरणं पळाली का?" तो आणखीच गोंधळला.

सुगरणीने त्याच्या पाठीकडे पाहिलं. तिथे जुनंच पान वाळून फडफडत होतं.

"आणायचं माझ्याकडे होतं," ती चाचरत म्हणाली. "खोचायचं कुणाकडे होतं रे?"

साळिंदर आपली पाठ बघायला गोल गोल फिरू लागला. तोवर हरणं कोल्ह्याच्या डबक्यापाशी पोचली होती.