शेपटीने मापलेलं रान

एका डोंगरावर एक तोंडाळ खार राहत असे. तोंडाळ म्हणजे कशी, की समोर वाघ उभा असला तरी ती चुकीला चूकच म्हणायची. वणव्यात तो डोंगर पार बोडका झाला होता. घरटं बांधायला झाड नाही, लपायला पान नाही. दर वर्षी खारीची पिल्लं घार उचलून नेई.

एकदा समुद्रापलीकडून पाहुणी पाखरं आली. त्यांनी चोचीतून बी आणलं. म्हणाली, "आमच्या मुलखातलं झाड आहे. यातलं काही बी नदीकाठचं, काही खडकावरचं, काही थंडीतलं. सगळं मिसळून आणलंय. तुमच्या मातीला कुठलं मानवेल, आम्हाला काय ठाऊक!"

बी उगवलं. मुलांनो, जात एकच, पण एका रोपासारखं दुसरं नव्हतं. आता तिथे एक वानर मुकादम होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं, आपणच झाला होता. तो प्रत्येक रोपाशेजारी आपली शेपटी उभी धरी. शेपटीपेक्षा उंच रोप राही. बुटकं दिसलं की उपटून फेकी.

"अरे, थांब की मेल्या!" खार ओरडली. "इथलं ऊन, इथला वारा त्या रोपांनी अजून पाहिलासुद्धा नाही. काही रोपं आधी खाली वाढतात, मग वर. तुझ्या शेपटीला मुळं दिसतात का?"

"खारबाई, तुम्ही केवढ्या आणि बोलता केवढं!" वानर म्हणाला. सगळे हसले. ससासुद्धा फिदीफिदी हसला, आणि सावलीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच होती!

पाच वर्षांत सरळसोट रान उभं राहिलं. खारीनेही घरटं बांधलं, तीन पिल्लं झाली. सहाव्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. ती उंच झाडं सगळी नदीकाठच्या बियाची, मुळं वरच्यावर. एका उन्हाळ्यात सगळी वाळली. पानं गळाली, घरटं उघडं पडलं आणि घारीने दोन पिल्लं नेली.

वानर छाती बडवू लागला. "परकं झाडच दगाबाज निघालं!"

"झाडाला बोल लावू नकोस!" खार म्हणाली. "तहान सोसणारी रोपंही आली होती. ती तू उपटलीस. तुझ्याच या हातांनी!"

उरलेलं पिल्लू तोंडात धरून ती एका कपारीकडे पळाली. वानराच्या नजरेतून सुटलेलं एक बुटकं झाड तिथे हिरवंगार उभं होतं. वानर मागोमाग आला आणि नाचायलाच लागला. "सापडलं! आता डोंगरभर याचंच बी लावू. शेपटीपेक्षा उंच दिसेल ते उपटायचं!"

खारीने पिल्लू कपारीत ठेवलं आणि वळून त्याची शेपटी कडकडून चावली. "आणि पुढच्या साली पूर आला म्हणजे? कडाक्याची थंडी पडली म्हणजे? पाखरांना निरोप धाड, पुन्हा मिसळलेलंच बी आणा म्हणावं. आणि रोपांना हात लावलास तर बघ!"

"मग मुकादमाने करायचं काय?" शेपटी चोळत वानराने विचारलं.

"पाणी वाहायचं," खार म्हणाली. "सगळ्यांना!"

तात्पर्य : नव्या जागी कोण तगेल हे आधी कुणालाच कळत नाही, म्हणून आपल्या मापात न बसणाऱ्यांना उपटू नये, आणि उपटलंच तर खापर दुसऱ्याच्या माथी फोडू नये.