एकशे साठावं पान

गावच्या वाचनालयात पुस्तक परत करताना वहीत अभिप्राय लिहायची पद्धत होती. कुमुदताई बोंद्रे तिथे भीडभाड न ठेवता लिहायच्या. वाचनालयाचे अध्यक्ष खासनीस यांनी नागलोकातल्या प्रेमावर चारशे पानी कादंबरी लिहिली. ताईंनी अभिप्राय दिला, "राजकन्या दर दहा पानांनी प्रेमात पडते आणि पडली की बेशुद्ध होते. नागराजाला सगळ्या विद्या येतात, फक्त सरळ बोलता येत नाही."

अध्यक्ष भर सभेत कडाडले, "बावीस जणांनी 'अप्रतिम' लिहिलंय! तुम्ही कादंबरी वाचलेलीच नाही. न वाचता लिहिणाऱ्याचं सभासदत्व रद्द!"

ताईंनी वाचनालयातली एकुलती प्रत त्यांच्या हातात दिली. "एकशे साठाव्या पानाच्या शेवटापासून जरा मोठ्यानं वाचा."

अध्यक्षांनी ऐटीत सुरुवात केली, "राजकन्येनं थरथरत नागराजाचा हात धरला आणि..." नजर पुढच्या पानावर गेली, "...कैरीच्या फोडींना मीठ चोळून दोन दिवस..."

सभेत हशा पिकला.

"पुस्तक नवीन आलं तेव्हाच बाइंडरनं लोणच्यांच्या पुस्तकाची सोळा पानं यात शिवलेली होती," ताई म्हणाल्या. "वहीत ती तक्रार एकट्या माझीच आहे. तेव्हा न वाचता लिहिणाऱ्यांना काढायचंच असेल, तर बावीस नावं त्याच वहीत आहेत."